उनाड नोंदी

गेल्या वर्षी आमच्या कॉलेजात आलेख काढण्यासाठी नवीन सॉफ्टवेअर घ्यायचं ठरलं आणि ते निवडायचं काम माझ्याकडे आलं. नावाला समिती होती. पहिल्या बैठकीला तिघे होतो, दुसरीला मी एकटाच. प्राचार्य म्हणाले, "तुम्हाला अनुभव आहे, सर. तुमचा तो विहिरीचा पेपर आहे ना."

अनुभव होता, हे खरं. असं सॉफ्टवेअर मी आधी एकदा निवडलं होतं. त्या निवडीबद्दल मी तोवर कोणाशी बोललो नव्हतो. ज्याच्याशी बोलायला हवं होतं, त्याच्याशी तर मुळीच नाही.

मी भिवंडीच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो. गाव पडघा. वडिलांचं तिथे किराणा दुकान होतं, आता ते भावाकडे आहे. लग्न केलं नाही, किंवा करायचं राहून गेलं. ज्या गल्लीत राहतो तिथे दोन्ही बाजूंना यंत्रमाग आहेत. त्यांच्या खटखटीची इतकी सवय झाली आहे की शुक्रवारी माग बंद असले की मलाच काहीतरी विसरल्यासारखं वाटतं. शुक्रवारी घरात भांडं खाली ठेवल्याचासुद्धा आवाज होतो.

प्रयोगशाळेत मात्र मी अठरा वर्षं एकटा नव्हतो. तिथे आमचे मामा होते. प्रयोगशाळेचे परिचर. कॉलेजात शिपाई-परिचरांना सगळे मामाच म्हणतात. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे, काल्हेरच्या पुढे खाडीकाठच्या एका गावचे. सकाळी ब्युरेटच्या काचेच्या नळ्या धुऊन उलट्या लावायच्या, द्रावणं करून ठेवायची, मुलांनी फोडलेल्या काचेचा हिशेब मला न सांगता मिटवायचा, ही त्यांची कामं. दुपारी आम्ही दोघं मागच्या खोलीत, अॅसिडच्या बाटल्यांच्या कपाटाशेजारी डबा खायचो. त्यांच्या डब्यात तांदळाची भाकरी आणि सुकी मासळी. माझ्या डब्यात खानावळीची पोळी-भाजी. ते माझ्या डब्याकडे बघून म्हणायचे, "सर, ही भाजी हाय का तिचा फोटो?" आणि अर्धी भाकरी माझ्या झाकणात टाकायचे.

याला मी मैत्री म्हणत नव्हतो. म्हणायला हवं होतं, हे आता कळतं.

त्यांच्या गावात शेताच्या कडेला एक जुनी विहीर होती. गावात नळ आला होता, पण नळाचं पाणी यायचं तेव्हा यायचं. बाकी वेळ विहिरीवरच चालायचं. मग विहिरीचं पाणी खारट लागू लागलं. गावातले म्हणायला लागले, विहीर गेली. मामांना ते पटत नव्हतं.

"सर, इहीर खारी न्हाय झालेली," ते एकदा डबा खाता खाता म्हणाले. "खाडी आत येते. दोन्हीत फरक हाय."

त्यांचं म्हणणं असं होतं. खाडीच्या बाजूला मातीचा बांध आहे आणि बांधाला एक लाकडी दार आहे. पावसाचं पाणी खाडीत सोडायचं आणि खाडीचं पाणी शेतात येऊ द्यायचं नाही, यासाठी ते दार. तिकडे त्याला उघाडी म्हणतात. ती उघाडी कुजली होती. उधाणाच्या भरतीला खाडीचं पाणी आत घुसायचं, शेतातून विहिरीपर्यंत यायचं, आणि चार-सहा दिवसांनी विहीर पुन्हा बऱ्यापैकी गोडी व्हायची. म्हणजे दुरुस्त करायची ती उघाडी. विहीर चांगलीच होती.

"मग सांगा की तसं," मी म्हणालो.

"तोंडानं सांगून कोन आयकतंय? म्हातारा बडबडतो म्हनतात. तुमी कागदावर काढून द्या. रेघ दिसली का सायब लोक गप होतात."

मी हो म्हणालो. प्रयोगशाळेतला पेनासारखा मीटर त्यांना दिला. पाण्यात बुडवला की विरघळलेल्या क्षारांचा आकडा दाखवतो तो. वापरण्याआधी शुद्ध पाण्यानं कसा धुवायचा हे सांगायला गेलो तर म्हणाले, "पंधरा वर्षं तुमची भांडी कोन धुतंय?" मी एक दोनशे पानी वही दिली. आठवड्यातून दोनदा, पहाटे, गाव पाण्याला यायच्या आधी ते विहिरीवर जायचे. दोन वर्षं गेले. दर सोमवारी वही माझ्या टेबलावर यायची. मराठी आकड्यांत, ठसठशीत अक्षरात तीन रकाने. तारीख, तिथी, मीटरचा आकडा.

त्या दोन वर्षांत माझ्या मनात काय चाललं होतं, ते लपवत नाही. माझी बढती अडली होती. बढतीसाठी शोधनिबंध हवा होता. स्वतःचं म्हणावं असं काही माझ्याकडे नव्हतं, आणि टेबलावर दर सोमवारी ही वही येत होती. मामांना एक रेघ हवी होती, मला एक पेपर हवा होता. दोन्ही एकाच वेळी होईल असं मी स्वतःला सांगितलं.

वही पुरी झाल्यावर मी आकडे आधी ऑफिसच्या नेहमीच्या प्रोग्राममध्ये भरले. आलेख आला तो करवतीच्या दातांसारखा. खाली पसरट रेघ, मधूनच एक उंच सुळका, पुन्हा खाली, पुन्हा सुळका. अशा आलेखाचा पेपर कोण छापणार, असं मला वाटलं. तेव्हा दुसऱ्या कॉलेजातल्या एका ओळखीच्या प्राध्यापकांनी एका महागड्या सॉफ्टवेअरचं नाव सांगितलं. विकत घेणं शक्य नव्हतं, पण तीस दिवस फुकट वापरायला मिळायचं. मी ते उतरवून घेतलं.

त्यात आकडे भरायचे म्हणजे प्रत्येक रकान्याला प्रकार सांगावा लागायचा. तारीख असेल तर तारीख, संख्या असेल तर संख्या. तिथीचा रकाना आला तेव्हा ते अडलं. 'अमावास्या', 'अष्टमी', 'द्वितीया' हे त्याला नुसता मजकूर वाटलं, आणि मजकूर आडव्या अक्षावर कसा मांडायचा हे मला समजेना. तीस दिवसांतले चार असेच गेले होते. मी तो रकाना काढून टाकला. तारीख आहे, मग तिथी कशाला, असं म्हणालो. पंचांग शोधनिबंधात शोभणार नाही, हाही विचार डोक्यात आला होता.

मग आलेख काढला. त्या सॉफ्टवेअरनं काही ठिपके स्वतःच लाल केले आणि विचारलं की हे संशयास्पद दिसतात, वगळायचे का. सगळे सुळके लाल झाले होते. अठ्ठेचाळीस ठिपके.

मामा तेव्हा शेजारच्या खोलीत होते. नळाचा आवाज येत होता. "मामा, जरा इकडे या, हे आकडे असे कसे?" एवढं विचारायचं होतं. मी विचारलं नाही. मामा रविवारी थोडी घेतात असं कॉलेजात बोललं जायचं. मी त्यांना कधी प्यायलेलं पाहिलं नव्हतं, तरी त्या क्षणी मला तेच आठवलं. पहाटेची वेळ, हात थरथरला असेल, मीटर धुवायचा राहिला असेल. ज्या माणसाची भाकरी रोज खात होतो, त्याच्याबद्दल मी हे मानलं, कारण ते मानणं सोयीचं होतं. मी 'हो' वर क्लिक केलं.

ठिपके गेले. रेघ गुळगुळीत झाली. हळूहळू, शांतपणे वर चढत जाणारी. ती बघून मला खरोखर आनंद झाला होता, हे सांगायची लाज वाटते.

ग्रामसभेसाठी त्याच आलेखाचा मोठा फ्लेक्स करायचा होता, मराठीत. पेपरमध्ये खाली टीप होती की आउटलायर वगळले आहेत. त्याला मराठी शब्द शोधताना मी बराच वेळ घालवला. 'अपवादात्मक' लांबलचक वाटलं. 'विसंगत' कोरडं वाटलं. मग सुचलं, 'उनाड'. रांगेत न बसणारे, भलतीकडे भटकणारे आकडे. गावातल्या माणसालाही कळेल असा शब्द सापडला म्हणून मी स्वतःवर खूश झालो. फ्लेक्सच्या खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात छापलं : उनाड नोंदी वगळल्या आहेत.

फ्लेक्सवाला कल्याण नाक्याजवळचा. पडद्यावर आलेख बघून म्हणाला, "सर, क्या लाइन है, एकदम मक्खन. ये साडी का बॉर्डर में डालो तो चल जाएगा."

"विहीर का है," मी म्हणालो.

"विहीर मतलब?"

"कुआँ."

"अच्छा. तो कुआँ ऊपर जा रहा है?"

मी हसलो. नेमकं काय वर जातंय, विहीर की खाडी, हे मीच स्वतःला विचारायला हवं होतं, ते माझ्या लक्षात आलं नाही.

सभा शाळेच्या पडवीत झाली. तालुक्याहून एक अधिकारी आले होते. मामा इस्त्रीचा शर्ट घालून मागच्या बाजूला खांबाला टेकून उभे होते. मी फ्लेक्स टांगला, पाच-सात मिनिटं बोललो. अधिकाऱ्यांनी रेघेवरून बोट फिरवलं.

"म्हणजे खारटपणा हळूहळू वाढतोच आहे."

"हो," मी म्हणालो.

"मग ते दार दुरुस्त करून विहीर सुधारेल का? तुम्ही शास्त्रवाले, तुम्हीच सांगा."

मी आलेखाकडे बघितलं. त्या आलेखात उधाण नव्हतंच. "यावरून तसं सांगता येणार नाही," मी म्हणालो.

वाक्य खोटं नव्हतं. म्हणूनच ते मला अजून टोचतं.

अधिकारी म्हणाले, मग विहीर बंद करून नळाची लाइन वाढवणं बरं. काही माना हलल्या. मी मागे पाहिलं तेव्हा मामा खांबाजवळ नव्हते. ते फ्लेक्सच्या अगदी जवळ येऊन, वाकून, खालच्या कोपऱ्यातलं बारीक अक्षर वाचत होते.

दुसऱ्या दिवशी ते वेळेवर आले. ब्युरेट लावल्या. दुपारी डबा उघडून बसलो तेव्हा म्हणाले, "सर, उनाड म्हंजे माझ्या का?"

"तसं नाही, मामा. तो एक तांत्रिक शब्द आहे. जे आकडे बाकीच्यांशी जुळत नाहीत..."

"जुलत न्हायत म्हनूनच तर लिवले होते."

मी सांख्यिकीचं काहीतरी सांगत राहिलो. त्यांनी ऐकून घेतलं. शेवटी म्हणाले, "आमच्याकडं एखादं ढोर उनाड असतं. दावं तोडून दुसऱ्याच्या शेतात जातंय ते. त्याला कोंडवाड्यात घालतात." आणि डब्याला झाकण लावलं. त्या दिवशी माझ्या झाकणात भाकरी पडली नाही. त्यानंतरही कधी पडली नाही.

ते भांडले नाहीत. बोलणं बंद केलं असंही नाही. "सर, सोडियम संपत आलाय." "सर, तीन नंबरचा नळ गळतोय." एवढं बोलायचे. डबा मात्र ते शिपायांच्या खोलीत खाऊ लागले. मी मागच्या खोलीत एकटा. पहिले काही दिवस दाराकडे बघत बसायचो, मग खाताना मोबाईल बघायची सवय लावून घेतली. पेपर छापून आला. खाली आभारात 'प्रयोगशाळा परिचर' असे दोन शब्द होते. बढती मिळाली. विहीर बुजवली. पुढच्या वर्षी मामा निवृत्त झाले. निरोपाच्या कार्यक्रमात मी बोललो, त्यांना शाल दिली. त्यांनी ती घेतली आणि माझ्याकडे न बघता मुलांना नमस्कार केला. मग नऊ वर्षं गेली. भिवंडी ते काल्हेर, शेअर रिक्षानं जाण्याएवढं अंतर. मी गेलो नाही.

हे सगळं गेल्या वर्षीच्या त्या समितीमुळे वर आलं.

नवीन सॉफ्टवेअर तपासायचं तर हाताशी खरे आकडे हवेत. मी विहिरीची जुनी फाइल उघडायला गेलो. उघडेना. ती त्या महागड्या सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या साच्यात होती आणि त्याची मुदत तीस दिवसांतच संपली होती. पेपर माझा, आलेख माझा, आणि माझेच आकडे मला दिसत नव्हते. कंपनीच्या माणसाला फोन केला तर तो नवीन आवृत्तीचं कौतुक सांगू लागला. "सर, आता तर एका क्लिकवर सगळे आउटलायर साफ. बघायलाही लागत नाही."

मी फोन ठेवला.

भौतिकशास्त्राच्या एक तरुण मॅडम आहेत. त्यांनी सुचवलं की फुकट मिळणारं एक साधन आहे, फक्त चित्र काढायला ओळी लिहाव्या लागतात. बटणं नाहीत. काय वगळायचं तेही लिहावं लागतं, त्यामुळे आपण काय केलं ते नंतर कोणालाही वाचता येतं. त्यांनी मला सुरुवात करून दिली. आकडे पुन्हा भरायला मी कपाटातून मामांची वही काढली. मॅडमनी ती चाळली.

"सर, हा मधला रकाना कसला?"

"तिथी."

"तो नाही टाकायचा?"

"तो मजकूर आहे," मी म्हणालो. दहा वर्षांपूर्वीचंच उत्तर.

"मग त्यावरून ठिपक्यांचे रंग बदलता येतील की. बघा टाकून." एवढं बोलून त्या तासाला गेल्या.

मी घरी वही नेली. शुक्रवार होता, माग बंद. दुपारभर एकेक आकडा भरला. पहिल्यांदा तिथीसकट. अमावास्येच्या आसपासचे ठिपके काळे, पौर्णिमेच्या आसपासचे पोकळ गोल, बाकीचे करडे. ओळी लिहायला मला फार वेळ लागतो, तीनदा चुकलो. मग चित्र आलं.

अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस सुळके काळे नाहीतर पोकळ होते. करडा एकही नाही. प्रत्येक उधाणाला विहीर उसळत होती आणि प्रत्येक अष्टमीपर्यंत पुन्हा खाली येत होती. मामा डबा खाताना जे म्हणाले होते ते जसंच्या तसं माझ्या समोर होतं. खाडीकाठचा माणूस तारखेनं चालत नाही, तिथीनं चालतो, कारण पाणी तिथीनं चालतं. माझ्यासारख्याला समजावं म्हणून त्यांनी तो रकाना दर खेपेला भरला होता. त्यांच्या आकड्यांचा अर्थच त्या रकान्यात होता, आणि मी पहिल्याच आठवड्यात तो काढून टाकला होता.

घरात अजिबात आवाज नव्हता. हे दाखवायला, किंवा यावरून शिव्या द्यायला, माझ्या आयुष्यात दुसरं कोणी नाही, हेही तेव्हाच लक्षात आलं. जो एक होता तो काल्हेरच्या पुढे राहत होता.

पुढच्या रविवारी चित्र छापून घेतलं आणि गेलो. रस्ता ओळखू आला नाही. दोन्ही बाजूंना गोदामं, ट्रकांच्या रांगा. शाळेच्या पडवीवरून गाव ओळखलं. मामांच्या मुलांनी तीन मजली घर बांधलं आहे. मामा खालच्या ओट्यावर जाळं विणत बसले होते. डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं, जाड चष्मा. मला बघून उठले नाहीत.

"सर," ते म्हणाले. "वाट चुकला का?"

"तुमच्याकडेच आलो, मामा."

"बसा मंग." आणि आत हाक दिली, "सूनबाई, आमचे सर आलेत. चा ठेव. साखर कमी. सरांना गोड चालत न्हाय, खारट चालतंय."

हे मला लागलं. पण ते मला काही बोलले, याचं बरंही वाटलं.

मी कागद उलगडून ओट्यावर ठेवला, चार कोपऱ्यांना त्यांच्या जाळ्याची शिसं ठेवली. काय केलं होतं ते सगळं सांगितलं. लाल ठिपके, तिथीचा रकाना, रविवारच्या घेण्याबद्दल मनात आलेला संशय, सगळं. ते जाळ्याचा दोरा सोडवत ऐकत होते. संशयाचं ऐकल्यावर हात थांबला.

"मी कंदी घेऊन इहिरीवर गेलो न्हाय."

"माहीत आहे."

"आता माहीत हाय."

मग ते कागदावर वाकले. त्या फुकटच्या साधनाचा एक दोष होता, तो मला घालवता आला नव्हता. मराठी अक्षरं त्याला नीट जोडता येत नाहीत. पहिली वेलांटी पुढच्या अक्षरावर जाऊन बसते, जोडाक्षरं पाय मोडून सुटी उभी राहतात. मामांनी बोट ठेवून वाचलं, "अ-मा-वा-स-या." आणि पहिल्यांदा हसले. "सर, तुमचा कंप्युटर बी आमच्यावानीच बोलतंय."

त्यांचं बोट एकेका ठिपक्यावरून सरकत गेलं. काळा, पोकळ, काळा, पोकळ. काही ठिकाणी ते पुटपुटायचे, "हां, हे मोठं उधान." पाणी कुठपर्यंत आलं होतं तेही त्यांना आठवत होतं. मग एका जागी बोट थांबलं आणि मागे आलं.

"हा बघा. पुनवेचा असून खाली कसा?"

मी पाहिलं. एक पोकळ गोल, करड्या ठिपक्यांच्या रांगेत अगदी व्यवस्थित बसलेला. माझ्या ते ध्यानातच आलं नव्हतं.

"तवा तुमी अट्टेचालीस काढले. हा ठेवला व्हता ना?"

"हो. हा रेघेवर होता."

ते इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. "सर, सगल्या वहीत हा एकच खोटा हाय. त्या दिवशी मी इहिरीवर गेलोच न्हाय. मंडळींना दवाखान्यात नेलं व्हतं, चार राती तिथंच व्हतो. सोमवारी वही तुमाला द्यायची, रकाना मोकला दिसंल, सर काय म्हनतील. मंग मागचा आकडा आनि पुढचा आकडा, दोन्हींच्या मधला टाकून दिला."

मला तो आठवडा आठवला. मामांनी तेव्हा घरचा डबा आणला नव्हता, नाक्यावरचा वडापाव कागदात गुंडाळून आणला होता. वडापाव मला दिसला होता. का, हे मी विचारलं नव्हतं. सोमवारी वही मात्र मागून घेतली होती.

"मामी कशा आहेत?" मी विचारलं. फार उशिरा विचारलेला प्रश्न.

"त्या खेपेला आली घरी. दुसऱ्या खेपेला न्हाय आली. मी रिटायर झालो त्याच्या आदल्या सालात."

म्हणजे शाल दिली तेव्हा मामी गेलेल्या होत्या. कॉलेजच्या फलकावर कोणीतरी लिहिलंही असेल. मी तेव्हा त्यांना टाळत होतो.

चहा आला. साखर व्यवस्थित होती. मी म्हणालो, "मामा, मी माफी मागायला आलो. छापणाऱ्यांना पत्र लिहिणार आहे, की आलेख चुकीचा होता. त्यात तुमचं नाव टाकतो."

"इहीर निघंल का याच्यानं?"

"नाही."

"तिच्यावर आता टेम्पो उभे राहतात." ते गोदामांच्या दिशेनं बघत राहिले. "आकडे काढलेत त्याचं मना एवढं न्हाय वाटलं, सर. सायबानं तुमाला इचारलं, दार दुरुस्त केलं तर सुधरंल का. मी खांबाजवल उभा व्हतो. तुमी नुसतं म्हनाला असता, मामा, तुमी सांगा. मी सांगितलं असतं."

त्यांनी कानावरची पेन्सिल काढली आणि त्या एका पोकळ गोलावर बारीक फुली मारली. "हा काढा. बाकीचे ऱ्हावू द्या." मग कागदाची घडी घालून खिळ्याला अडकवलेल्या दिनदर्शिकेच्या मागे खोचून ठेवली. मी उठलो तेव्हा ते "या परत" म्हणाले नाहीत. "रस्ता ओलांडताना ट्रक बघा," एवढं म्हणाले.

पत्र मी पाठवलं. उत्तर आलेलं नाही. प्राचार्यांना सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, एवढ्या वर्षांनी कशाला. कॉलेजसाठी मी ते फुकटचं, ओळी लिहायचं साधनच सुचवलं. मराठी अक्षरं मोडतात, मुलांना शिकायला वेळ लागतो, हे दोष अहवालात लिहिले. पसंतीचं कारण एवढंच दिलं की त्यात काय वगळलं ते लपत नाही.

घरी आल्यावर मी तो खोटा आकडा काढला. आता तिथे काय करायचं, हे ठरवावं लागतं. दोन्हीकडचे ठिपके सरळ रेघेनं जोडता येतात, मग काही राहिलं होतं हे कळतही नाही. किंवा जागा मोकळी सोडता येते. मी मोकळी सोडली. रेघ तिथे तुटते आणि थोडं पुढे जाऊन पुन्हा सुरू होते. खाली, मोडक्या वेलांट्यांच्या मराठीत, मी एक ओळ लिहिली आहे : या दिवशी विहिरीवर कोणी गेलं नव्हतं, घरी आजारपण होतं.

हा दुसरा कागद छापून ठेवला आहे. तो घेऊन येत्या रविवारी मामांकडे जायचं आहे. या वेळी डबा बरोबर नेणार आहे, खानावळीची भाजी असली तरी.